तांडेलमामानं हाकलेलं वऱ्हाड

रस्ता विचारणं मला जन्मात जमलं नाही. परवाचीच गोष्ट. नातवाच्या स्कूटरवरून वडगावला गेलो होतो, एका विणकराकडं सांगून ठेवलेलं लुगडं आणायला. गल्ल्या सगळ्या एकसारख्या, प्रत्येक घरातून मागाची खडखड, आणि तेच ते मारुतीचं देऊळ पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं. नातू म्हणाला, "आजोबा, कुणाला तरी विचारूया की." मी म्हटलं, "तुला विचारायचं असलं तर तू उतर." गाडी तो चालवत होता, म्हणून मीच उतरलो. तो विचारत विचारत गेला, त्या घरी चहा प्याला, लुगडं घेऊन परत आला, तेव्हा मी त्याच देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, मी बरोबरच चाललो होतो, मध्ये जरा टेकलो एवढंच. आता हमरस्त्याला फाट्याफाट्याला पाट्या आहेत आणि त्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून माणसं भांडतात. माझ्या तरुणपणी कुठल्याच भाषेत पाटी नव्हती, त्यामुळं चुकायला सगळ्यांना सारखीच मोकळीक होती.

माझी शाळा मराठी दुसरीत संपली. मास्तर म्हणाले सूर्य फिरत नाही, मी म्हटलं रोज आमच्या परड्यातनं उगवून आंब्यामागं मावळतो, मला दिसतो. त्यांनी छडी काढली, मी दप्तर काढलं. पुढं वाचायला लिहायला आलं ते माझं मी शिकलो, तेव्हा हे लिखाण जसं येईल तसं घ्यावं. या प्रकरणात माझ्या लग्नाची हकीकत आहे, आणि लग्न म्हटलं की तांडेलमामाला बाजूला ठेवून चालत नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं माझे वडील, आप्पा, शेवटपर्यंत म्हणत.

तांडेलमामा म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. वेंगुर्ल्याकडचा माणूस, सारं आयुष्य गलबतावर गेलेलं, त्यातली बरीच वर्षं तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या म्हणून. पुढं आगबोटी आल्या, गलबतांना माल मिळेना, मालकानं गलबत मोडून लाकूड विकलं, आणि एक दिवस आत्या आणि मामा आंबोलीचा घाट चढून आमच्या कंग्राळीला कायमचे राहायला आले. आत्याबरोबर दोन पेट्या होत्या. मामाबरोबर सुक्या बांगड्यांचा डबा आणि लांब दोरीला बांधलेला एक शिशाचा गोळा. डबा आठवड्यात संपला, वास वर्षभर राहिला. गोळ्याच्या बुडाला वाटीसारखी खोलगट जागा होती. मामा सांगायचा, या खोबणीत चरबी भरायची आणि गोळा दर्यात सोडायचा. तळाला टेकला की दोरीवरून पाणी किती खोल ते कळतं, आणि चरबीला जे चिकटून वर येतं, वाळू, शिंपल्यांचा चुरा, निळा चिखल, त्यावरून आपण कुठल्या बंदरासमोर आहोत ते कळतं. "रंगान नाय कळला तर चाखूचा," मामा म्हणायचा. "मालवणचो चिखल येगळो, रत्नांगिरीचो येगळो. डोळे बांधून तोंडात घाला, सांगतंय." आई आत मांडे करत असायची. तव्यासारख्या पालथ्या खापरावर हातभर मांडा पसरता पसरता ती म्हणायची, "भाजीत मीठ कमी पडलं तर ह्यांना कळत न्हाय, आणि चिखल तेवढा कळतोय."

आमच्या घरात समुद्र कुणी बघितला नव्हता, त्यामुळं मामा सांगेल ते खरं मानायला कुणाची हरकत नव्हती. हरकत फक्त माझी होती. वर आभाळ, खाली पाणी, विचारायला माणूस नाही, आणि तरी गलबत बरोबर दारात नेऊन लावायचं, हे मला पटत नसे. मामा म्हणे, दर्यात वाटा आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच. मोठी लाट एका बाजूनंच येत राहते, वारा फिरला तरी ती फिरत नाही. तिच्यावर गलबत कसं हलतं ते पाठीला कळतं, म्हणून तो गलबताच्या तळाशी उताणा पडून सुकाणूवाल्याला हुकूम सोडायचा. पाण्यात साप दिसायला लागले की किनारा जवळ. सकाळी पाखरं ज्या बाजूनं येतात तिकडं जमीन. त्याची ही विद्या आमच्या घरी आल्यावर तिचे फार हाल झाले. एकदा गवताच्या गंजीत धामण निघाली, बायका ओरडत पळाल्या, आणि हा शांतपणे म्हणाला, "घाबरा नको, किनारो जवळ इलो." आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यावर म्हणाली, "मामा, किनाऱ्यावर तुमी र्‍हावा, आमी घरात जातो."

पण एक गोष्ट सांगायची ती सांगतो. आल्या आल्या मामा अंगणात उभा राहिला, हात लांब केला, आणि ध्रुव जमिनीपासून किती बोटं वर आहे ते मोजलं. पुन्हा मोजलं. मग आत्याला म्हणाला, "वेंगुर्ल्याक जितकी बोटां, हंयसर तितकीच. आपण सरळ रेषेत इलंव. घराकडेच आसंव, जरा आत." त्या दिवसापासून तो अंगणात पश्चिमेकडं तोंड करून बसायचा आणि आईचं जातं सुरू झालं की डोळे मिटायचा. ती घरघर लाटेसारखी वाटते, म्हणायचा. आईला दळताना कुणी ऐकत बसलेलं आवडत नसे, पण मामाला ती काही बोलली नाही.

माझं लग्न ठरलं ते निपाणीच्या बाजूला, तवंदीचा घाट उतरून आत गेलं की एक गाव होतं तिथलं. मुलगी चंद्रा. मुलगी बघितली ती निपाणीच्या बाजारात, त्यांच्या एका पाहुण्याच्या घरी. गाव आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं. मी तिला बघितलं तेवढ्यात तिनं चहाची बशी माझ्यासमोर ठेवली आणि मला न विचारता साखर घातली. मला ते आवडलं. विचारत बसणारी माणसं मला आवडत नाहीत.

साखरपुड्याला त्यांची माणसं कंग्राळीला आली. त्यात तिचे मामा होते, तिच्याच गावात राहणारे, तंबाखूच्या व्यवहारातले, मोठ्या मिशीचे. दोन मामांचा घोळ नको म्हणून मी त्यांना मिशीमामा म्हणतो. या मिशीमामांना चंद्रा त्यांच्या बायकोच्या भाच्याला द्यायची होती, सदू नावाच्या. पण चंद्राच्या वडलांनी आम्हाला शब्द दिला होता, तेव्हा मिशीमामा खोड काढायलाच आले होते. मांडे झाले, दूध झालं, आमटी दोनदा मागून घेतली, खोड काही निघेना. मग ते हात धुवायला बाहेर आले, आणि सोप्यात बघतात तर तांडेलमामा त्यांचीच वहाण उलटी धरून, तळाची माती नखानं खरवडून जिभेवर ठेवतोय.

"काय करालायसा ओ तुमी?" मिशीमामा म्हणाले.

"बंदर बघतंय," मामा म्हणाला. "काळी माती. हेच्यात पांढरी चुनखडी आसा. मागसून खारट लागता, आणि सगळ्यात शेवटाक तंबाखू. बरो गाव आसा तुमचो."

मिशीमामा आप्पांकडं वळले. "ह्या घरात माणसं वहाणा चाटत्यात?"

"न्हाय, न्हाय," आप्पा घाईनं म्हणाले, "ते दर्यावर्दी हैत." जणू पोटाचा काही आजार सांगावा तसं.

मिशीमामांना पाहिजे ती खोड सापडली होती. तिथं बसल्या बैठकीत त्यांनी अट घातली. लग्न मुहूर्तावर लागलं पाहिजे. घटिका बुडेपर्यंत नवरा मांडवात नसला तर सदूला ते तयार ठेवतील, मुंडावळ्या बांधून, आणि चंद्रा त्याच मुहूर्तावर त्याच्या गळ्यात माळ घालेल. चंद्राच्या वडलांनी मान खाली घातली. मिशीमामा घरातलं कर्तं माणूस, त्यांच्यापुढं कोण बोलणार. आप्पा म्हणाले, "येतो की वेळेवर. कंग्राळी काय विलायतेत हाय?" हल्लीच्या पोरांना घटिका ठाऊक नाही म्हणून सांगतो. घंगाळात पाणी भरायचं, त्यावर तांब्याची पातळ वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला सुई जाईल एवढं भोक. त्यातनं पाणी वर येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटिका. अशा किती बुडवायच्या ते जोशी सांगतो. तांडेलमामानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जल्मात पयल्यांदा आयकतंय. होडी बुडाची वाट बघत माणसा हातात अक्षता घेवन उभी रवतत."

निघायचा दिवस आला. आमच्याकडं नवरदेवाची गाडी एकदा शिवेवर नारळ फोडून पुढं गेली की तोंड मागं फिरवायचं नाही. परत यायचं ते नवरीला घेऊनच. दुसरं, नवऱ्याकडच्या माणसांनी सासुरवाडीचा रस्ता विचारायचा नाही. याला शास्त्र नाही, पण बायकांच्या तोंडापुढं शास्त्र काय करणार. माझ्या एका चुलत भावानं विचारलं होतं. मांडवात त्या गावच्या बायकांनी त्याला विचारलं, घरात मोरी कुठं आहे ते दाखवायला बरोबर माणूस देऊ का, आणि केस पांढरे झाले तरी त्याला सासुरवाडीत वाटविचाऱ्या म्हणत. शिवाय त्या दिवशी नवरदेवाचं मन मोडायचं नाही, तो म्हणेल ते ऐकायचं. आता माझ्यासारख्या माणसाला एक दिवस असा अधिकार मिळाल्यावर काय होणार ते कळायला शाळा लागत नाही.

सोयरीक जुळवणारा पाहुणा, ज्याला गाव ठाऊक होतं, तो पुढच्या गाडीत वाजंत्र्यांबरोबर बसला. आमच्या गाडीत आप्पा हाकायला, मी हळद लागलेला, आक्का मांडीवर लोण्याचं गाडगं घेऊन, आणि तांडेलमामा त्याच्या गोळ्यासकट. लोणी चंद्राच्या आईसाठी होतं; आमच्या म्हशीचं लोणी बघून त्यांना कळावं मुलगी कुठल्या घरात पडली, असा आईचा हिशेब. वाटेत मुक्काम करत निघालो. लग्नाच्या दिवशी पहाटेचं धुकं इतकं दाट पडलं की दिवस उजाडला हे कोंबड्यांच्या भरवशावर मानायला लागलं. तवंदीचा घाट उतरताना आमच्या चाकाची खीळ निसटली. ती बसवेपर्यंत पुढच्या गाड्या धुक्यात गेल्या. वाजंत्र्यांचा आवाज जरा वेळ येत होता, मग तोही विरला. आम्ही ऐकल्याप्रमाणं हमरस्ता सोडून उजवीकडं आत शिरलो, थोडं गेलो, आणि गाडीवाट फुटली. फाटा दोन वाटांचा आहे की तीन वाटांचा, तेही दिसेना.

आप्पांनी बैल उभे केले. "मागं फिरून हमरस्त्याला थांबूया. कोन तरी येईल."

"नवरदेवाची गाडी मागं फिरत न्हाय," मी म्हटलं.

"मग हितं थांबूया आणि विचारूया."

"विचारायचं न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. एरवी त्यांनी चाबूक उचलला असता, पण हळद लागली होती. मागं तांडेलमामा गालात हसत होता. "आप्पानू, मागे जावचा नाय आणि कोणाक इचारूचा नाय. आता ह्या दर्या झाला. सरा बाजूक, आता माझा काम."

त्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. या दिवसांत सकाळी जमिनीवरनं समुद्राकडं वारा वाहतो, त्याला तिकडं मतलई म्हणतात. "मतलई उजव्या गालार धरूची, म्हणजे तोंड उत्तरेक," मामा म्हणाला. त्याच्या गालावर दाढी, म्हणून त्यानं आक्काला पुढं बसवलं. "कुठचो गाल गार लागता सांग."

"दोनी," आक्का म्हणाली.

"अगो, जास्त कुठचो?"

"नाक."

मग तो गाडीत उताणा पडला. वाटेच्या चाकोऱ्या लाटेसारख्याच, म्हणाला, पाठीला कळतात. आप्पांनी बैलांना हाक दिली, पहिलाच धोंडा चाकाखाली आला, आणि मामाचं डोकं गाडीच्या साट्यावर असं आपटलं की लाटेची बाजू सांगायची सोडून तो टेंगूळ चोळत राहिला. तेवढ्यात डोक्यावरनं बगळ्यांची रांग गेली. मामा उठून बसला आणि हात करून ओरडला, "पाखरां थंयसून इली. जमीन तिकडे आसा."

"मामा," मी म्हटलं, "आपन जमिनीवरच हाय."

हे त्याला लागलं. मी बोलायला नको होतं असं काही नाही, खरं तेच बोललो, पण लागलं. त्यानं गोळा काढला आणि आक्कापुढं हात केला. "चरबी नाय. लोणी दी."

"हात तोडीन," आक्का म्हणाली. "आईनं विहिणीसाठी दिलंय."

"विहीण झाली तर विहीण खायत. लग्नच नाय लागला तर लोणी काय सदूच्या डोक्याक लावतलंस?"

आक्कानं गाडगं उघडलं. मामानं खोबणीत लोणी भरलं, चालत्या गाडीतनं मागं गोळा टाकला, ओढून वर घेतला आणि बघितलं. तांबडी खरखरीत माती. जिभेवर ठेवली. "घाटाची. अजून खाली जावक व्हया." पुढं पुन्हा टाकला. तांबडी, पण जरा मऊ. प्रत्येक वेळी नवं लोणी, आणि प्रत्येक वेळी जुनं लोणी मामाच्या पोटात. आक्का गाडग्यात डोकावून बघायची आणि हळूहळू रडकुंडीला यायची.

असं करत दुसऱ्या फाट्याला आलो. आणि इथं मला वास आला. मला नाक आहे, अजून आहे. दुधाला लागलेली आच मला चार घरांवरनं कळते. डावीकडनं तंबाखूचा वास येत होता, पानं वाळत घातल्याचा. मी म्हटलं, "डावीकडं घ्या. गाव तंबाखूचं हाय."

मामानं गोळा पुढं केला. "डावीकडची माती करडी. चुनखडी नाय. ह्या आपला बंदर न्हय. उजवीकडे घेवया."

"मी नवरदेव हाय."

आप्पांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, एक उसासा सोडला आणि डावीकडं घेतलं. वास वाढत गेला, माझी मान ताठ होत गेली, आणि धुक्यातनं एक खळं पुढं आलं. खळ्यावर तंबाखू. तंबाखूच्या बाजूला एक म्हातारा घोंगडं पांघरून शेकत बसलेला. बाकी गाव नाही, मांडव नाही, कुत्रं पण नाही. आज कुणी काहीही म्हणो, मी तंबाखू म्हटलं होतं आणि तिथं तंबाखूच होती.

म्हाताऱ्यानं हळदीनं पिवळा झालेला, मुंडावळ्या बांधलेला नवरा बघितला, डोक्याला टेंगूळ आलेला आणि दाढीला लोणी लागलेला मामा बघितला, आणि कानडीत विचारलं, "यल्लीग होंटीरी?" कुठं निघालात?

आप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी म्हणालो, "इल्ले, सुम्मन." इथंच, सहज.

म्हातारा बघत राहिला. मग त्यानं शेकोटीत काटकी घातली आणि म्हणाला, बरं, सावकाश जा. मागं फिरायचं नव्हतं, म्हणून आप्पांनी खळ्याला वळसा घालून, बांधावरनं, एका रानातनं दुसऱ्या रानात गाडी काढली. गाडी एकदा कलंडता कलंडता राहिली. त्यांच्या पाठीकडं बघूनच मला कळत होतं की हळद उतरली की माझं काय होणार आहे. आक्का आता खरंच रडत होती, लोण्यासाठी की चंद्रासाठी ते तिनं सांगितलं नाही. आणि मी? मला त्या वेळी पहिल्यांदा सदूचा चेहरा दिसायला लागला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी दिसायला लागला. त्याच्यापुढं चंद्रा बशी ठेवतीय आणि न विचारता साखर घालतीय.  मी मामाकडं बघितलं नाही, पुढंच बघत म्हणालो, "टाका की गोळा. का थांबलाय?"

 मामानं गाडग्यात हात घालून तळाचं लोणी पुसून घेतलं, गोळा टाकला, ओढला. काळी. पुढच्या वेळी काळी, चिकट. "उजवीकडे, आप्पानू. तसाच." पुढच्या वेळी काळ्या मातीत पांढरा खडा. मामानं तो बोटांनी फिरवला, तोंडात घातला, डोळे मिटले. गाडीत कुणी श्वास घेईना. मामाच्या गालाचं हाड हळूहळू हललं.

"वहाण," तो म्हणाला. "तीच वहाण. हाक बैल."

आणि धुक्यातनं सनईचा आवाज आला.

मांडवाच्या दारात मिशीमामा उभे होते, आणि त्यांच्या शेजारी मुंडावळ्या बांधून सदू. दिसायला बरा होता, कशाला खोटं बोलू. पुढच्या गाड्या कधीच्या पोचल्या होत्या; आमची माणसं तोंडं पाडून बसली होती. जोशीबुवा माजघरातनं बाहेर येत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी होती. मिशीमामा म्हणाले, "बुडाली का न्हाय ओ घटिका? कवाची बुडाय पायजे होती."

"तरंगतीया अजून," जोशीबुवा म्हणाले. "काठोकाठ हाय, पर तरंगतीया. आजवर मी असं बघितलं न्हाय. आज येळच जड झालीया."

मी गाडीतनं उडी मारली आणि सरळ बोहल्यावर जाऊन उभा राहिलो, कुठं उभं राहायचं तेही विचारलं नाही. मागनं तांडेलमामा उतरला. काळे ओठ, दाढीला लोणी, कपाळाला टेंगूळ. तो मिशीमामांसमोर गेला, त्यांच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या वहाणेचे उपकार झाले." मिशीमामांना याचा अर्थ कळला नाही, पण त्यांनी पाय मागं घेतले. लोण्याचं रिकामं गाडगं आक्कानं विहिणीच्या हातात दिलं तेव्हा ती बाई गाडग्यात बघून म्हणाली, "तुमची म्हस आटली वाटतं." लग्न लागलं. सदूच्या मुंडावळ्या सोडून ठेवल्या. त्या त्याला पुढच्या वर्षी उपयोगी पडल्या.

पुढं आमच्या घरात दोन पक्ष झाले. मामा ज्याला त्याला सांगायचा की हे लग्न शिशाच्या गोळ्यानं लागलं. मी सांगायचो की माझ्या नाकानं आम्हाला त्या रानातनं काढलं म्हणूनच आडवाटेनं लवकर पोचलो, सरळ गेलो असतो तर कधीच पोचलो नसतो. चंद्रा दोघांनाही भाकरी वाढायची आणि काही बोलायची नाही. मामा म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यानं बाज अंगणात पश्चिमेला तोंड करून ठेवायला लावली. चंद्रा सकाळी जातं ओढत सोप्यात आणून बसायची आणि पीठ लागो न लागो, दळायची. गिरणी तेव्हा गावात आली होती. मामा गेला तेव्हा तो शिशाचा गोळा आम्ही त्याच्याबरोबर दिला नाही. दाराला अटकाव म्हणून तो अजून आहे, वारा सुटला की कामाला येतो.

मामाचं सगळं झाल्यावर काही दिवसांनी मी जेवत होतो आणि पुन्हा तेच सांगत होतो, नाकाचं. चंद्रा म्हणाली, "आता ते गेलं, आता सांगते. त्यास्नी वाईट वाटलं असतं." मग तिनं सांगितलं. घंगाळ माजघरात ठेवलेलं, ती गौरीहराला पुजायला बसली होती त्याच्याच शेजारी. धुकं, नवऱ्याची गाडी नाही, बाहेर मिशीमामा सदूला पटका बांधतायत हे ऐकू येतंय. जोशीबुवा दारापाशी जाऊन धुक्यात बघून आले तेवढ्यात तिनं वाटी उचलली, हाताला हळद ओली होतीच, तिची गोळी भोकाला आतनं दाबली आणि वाटी परत पाण्यावर ठेवली. पाण्याला जरा पिवळेपणा आला, पण लग्नाच्या घरात पिवळं काय नव्हतं.

मी घास ताटात ठेवला. मग म्हटलं, "एवढा जीव होता व्हय तुझा माझ्यावर?"

"तुमाला मी एकदाच बघितलेलं," ती म्हणाली. "पर सदूला लई येळा बघितलेलं. जेवताना नाकानं गानं म्हनायचा त्यो."

आणि तिनं भाकरी वाढली, पाहिजे का ते न विचारता.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माणसं म्हणतील, मग तुम्ही वेळेवर पोचला नव्हता. माझं म्हणणं असं की मी दारात उतरलो तेव्हा वाटी पाण्यावर होती, हे जोशीबुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. ती का तरंगत होती हा प्रश्न मला त्या दिवशी कुणी विचारला नाही, आणि मीही कुणाला विचारला नाही.